जर्मनीतलं गाऱ्हाणं

कसालच्या स्टँडवर मालवणच्या गाडीचा तासभर पत्ता नव्हता. गौरजाबाई शाळेच्या वह्या तपासत बसल्या होत्या, पण मागच्या बाकड्यावर रिकाम्या पाट्या घेऊन दोन मासेवाल्या टेकल्या आणि बाईंचं लाल पेन जागीच थांबलं.

"गो प्रेमलता, तुझी लेक उर्वशी जर्मनीत करता तरी काय?"

"नाटकात गाता. दशावतारासारख्याच, पण सगळा गाणी गावनच बोलतत. तांय माईकाशिवाय!"

"मागच्यांका ऐकाक येता?"

"चेडू कोणाचा तां! बंदरार माझ्यावांगडा 'बांगडे घेवा' म्हणान ओरडलेला. गोव्यात शिकला, मगे थंय सात वर्षां घोळक्यात उभ्या रवान गायला. औंदा पयल्यांदाच राणी झाला, म्हणान माका तिकीट धाडल्यान."

"मगे?"

"राणीन गुडघ्यार बसान देवाक गाऱ्हाणा घातल्यान. काय सूर गो! अंगार काटो इलो. आणि गप रवली. हजार माणूस बसलेला, पण तोंड कोण उघडीत तर शप्पथ!"

"अरे देवा! बाकीच्यांनी साथ दिल्याशिवाय गाऱ्हाणा पोचता खंय?"

"तांच मा! मी उठलंय आणि बोंबाललंय, 'व्हय म्हाराजा!'"

"आणि उर्वशी?"

"हसला. तोच सूर परत घेतल्यान, पयल्यापेक्षा वर. मगे अख्खी जर्मनी उभी! टाळये थांबतच नाय."

"मगे आता हडेपण एक गाऱ्हाणा घाल. घराक जावक होया."

प्रेमलता खरंच उठली. पदर खोचून तिनं हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, मालवणची एश्टी आता तरी धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा स्टँड ओरडला. त्यात सगळ्यांत वरचा सूर गौरजाबाईंचा होता.