साहेबांच्या परवानगीचा कंप्युटर

बाई, आमच्या ह्यांनी ऑफिसातला जुना कंप्युटर लिलावात घेतला. माझी आई परसवाड्याहून नातीच्या बारशाचे फोटो पाहायला आली. सीडी लावली, तर पडद्यावर ऑफिसचीच पाटी: ‘साहेबांची परवानगी घ्या.’ ह्यांनी उभं राहूनच साहेबांना फोन लावला. साहेब जेवायला गेलेले. आईच्या बसची वेळ होत आली.

आई म्हणाली, “पोरगी तुमची, अन् परवानगी साहेबाची?”

शेवटी आईसोबत आलेल्या माझ्या भावानं ऑफिसनं घातलेलं कुलूपच त्यातून काढून टाकलं. “जिजाजी, कंप्युटर तुमचा झाला. आता कोणाले विचाराचं काम नाही.”

पडद्यावर पहिला फोटो आला, तर हे पुन्हा फोनपाशी उभे! साहेब भेटलेच.

“सर, कंप्युटर आता परवानगी मागून नाही राह्यला. तं तसंच पाहू का?”