बस, हा महिना

(नागपूर. यमुताईंचं घर. टेबलावर वर्षाचा भाडेकरार, वर पेन. समोर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, चंपतराव आणि त्यांची बायको गोपिका.)

चंपतराव : (पुटपुटत) वर्षाचा कागद म्हणे. आमी का चोर आहो?

यमुताई : ऐकू येतंय हो. कूलर बंद आहे.

चंपतराव : तसं नाही ताई. पण इतकी वर्षं महिन्या-महिन्यानं, जुबानवर चाललंच नं?

यमुताई : चाललं. माझा भाचा ऋषी म्हणतो, आता नाही चालायचं. आज सही नाही, तर उद्यापासून तो खोल्या दाखवायला माणसं आणणार.

चंपतराव : पण वर्षभर राहते कोण इथं? कळमेश्वरचं आमचं घर खाली झालं का चाललो आमी. बस, हा महिना.

यमुताई : हे वाक्य तुमची वंदना शाळेत जायची तेव्हापासून ऐकतेय. आता ती तिच्या पोरांना शाळेत सोडते.

गोपिका : ताई, चहा ठेवू का?

यमुताई : ठेव. यांचा महिना संपेपर्यंत छान उकळेल.

चंपतराव : हसा. भैय्याजी खाली करूनच राहिला. सख्खा भाऊ आहे. दोन महिन्यांसाठी मागितलं, देलं.

यमुताई : कागद केला होता?

चंपतराव : भावासंगं कागद?

यमुताई : छे, छे. कागद चोरांसाठी. आत्ताच म्हणालात.

चंपतराव : दसऱ्याले सोडतो म्हणाला तो.

यमुताई : कुठल्या?

गोपिका : मी गेली होती नं मागं, त्याहीच्या नातवाच्या बारशाले.

चंपतराव : मग? घर ठीक आहे नं?

गोपिका : चांगलं ठेवलं आहे. जाऊबाईनं मले पाहुण्यांच्या कपात चहा देला. मंग बाथरूम कुठं आहे ते दाखवलं.

चंपतराव : तुले?

गोपिका : मले. तुमी बांधलं तेव्हा त्या भिंतीले पाणी मीच मारलं होतं.

चंपतराव : सांगितलं नाही तू.

यमुताई : बरं, राहू द्या तो कागद. ऋषीला मी बघते. आणखी एक महिना काही जड नाही.

गोपिका : नको ताई. अहो, इतकी वर्षं दर वेळी तुमी 'हा महिना' म्हणा, मी डबे आवरून ठेवो. आता नाही आवरत. भाऊजी घर सोडत नाहीत जी, अन् आपण मागत नाही. करा सही.