दुसऱ्या ढगाची किल्ली

पंखा नका लावू साहेब, कागद उडतील तुमचे — आणि ती खुर्ची डुगडुगते, जरा भिंतीकडे सरकवून बसा. मुलगा फोनवर आहे, येईल एवढ्यात. कुठल्या तरी दवाखान्याचाच फोन असणार — बारक्या बारक्या दवाखान्यांचे एक्स-रे सांभाळतो ना आम्ही, छातीचे, गुडघ्यांचे, दातांचे — आम्ही म्हणजे ते, मी कांदे-बटाटे सांभाळते — पण घरातच ऑफिस, कान काय झाकून ठेवायचे? हे काय काढलंत? तीन चौकोन. हा एक क्लाउड, हा दुसरा, आणि हा तुम्ही नव्यानं घ्यायला सांगताय तो तिसरा, बरोबर? बघा, दचकलात! अहो, अक्षर येत नाही मला, चौकोन येतात की. आणि या मधल्यावर फुली कशाला मारलीत? … हां. तोच बंद करायचाय. आज चार वाजता. सकाळीच म्हणाला मुलगा — किल्लीच नाही त्याची, नुसता पडून आहे, साहेब म्हणतात काढून टाका.

तो माझ्या सुनेनं घेतलेला. ढगच म्हणायची ती, माझ्यासाठी — क्लाउड म्हणजे ढग आई, पण हे गळत नाहीत. हे ऑफिस तिचंच, मुलगा गिऱ्हाइकं आणायचा, उभं करायची ती. या दुसऱ्या ढगावरून किती भांडले दोघं! हा म्हणे एक पुरे, ती म्हणे दोन, आणि तेही दोन वेगळ्या कंपन्यांचे — एकाचं दार अडकलं तर दुसऱ्यातून आत जाता आलं पाहिजे, आणि दोन्ही किल्ल्या एका खिशात नकोत. हा म्हणाला, मग नवरेही दोन करायचे होतेस. ती म्हणाली, तीच तर चूक झाली. हसून हसून माझ्या हातातलं पातेलं पडलं — तो पोचा अजून आहे. अकरा महिने झाले तिला जाऊन. दुपारी जेवून उठली, हात धुता धुता खाली बसली. पाणी वाहत होतं, मी आतून ओरडले, अगं नळ बंद कर. शेवटचं बोलणं माझं तिच्याशी. नळ बंद कर.

मग मुलानं पहिल्या ढगाची आवराआवर करायला एकाला बसवलं, त्यानं जुन्या वर्षांचे एक्स-रेचे फोटो कचरा समजून पुसून टाकले. जुनं राहिलं ते फक्त दुसऱ्यात — आणि त्याला दहा शब्दांचं कुलूप, ओळीनं दहा शब्द घातले तरच उघडणार, ती कंपनीही उघडू शकत नाही, अशीच व्यवस्था करून ठेवलेली तिनं. काय शोधलं मुलानं! तिच्या वह्या, तिची कपाटं, पर्सचं अस्तरसुद्धा उसवलं. तिच्या बहिणीला विचारलं, ऑफिसातल्या दोघींना विचारलं, तिच्या दातांच्या डॉक्टरला विचारलं — हसू नका, खरंच विचारलं. मला नाही विचारलं.

मला कोण विचारणार? निरक्षर बाई. अहो, पण त्याचसाठी तर तिनं मला निवडलं! वाटाणे सोलत बसलो होतो, म्हणाली, आई, तुम्हाला लिहिता येत नाही ना, म्हणजे तुम्ही कुठं लिहून ठेवणार नाही — तुमच्याएवढी भक्कम तिजोरी नाही गावात. म्हटलं, नुसते शब्द राहायचे नाहीत गं माझ्या डोक्यात, गोष्ट राहते. मग दोघींनी मिळून गोष्टच केली दहा शब्दांची — एक कासव असतं, ते शिडी चढायला निघतं, त्याच्या गळ्यात कंदील, आणि वर पोचतं तर —

लिहिताय कशाला? ठेवा ते पेन. ठेवा म्हणते ना!

हो, येतात मला. दहाच्या दहा. रोज भाजी चिरताना म्हणते — तिच्या आवाजात म्हणते, चौथ्या शब्दाला ती हसली होती तिथं मीही थांबते. आधी वाटलं, विचारेल आज, उद्या विचारेल. राग होता मला, खोटं कशाला बोलू? मग कानावर आलं की शब्द सापडलेच तर त्याच दिवशी बदलायचे, नवे घालायचे, असा नियम असतो तुमच्यात. असतो ना? म्हणजे माझ्या तोंडून निघाले की ते कुणाच्याच कामाचे नाहीत. तिनं मला दुसरं काय दिलंय हो? साड्या दिल्या, त्या विरतात.

आणि मग ते पोस्टमन. रिटायर झालेले. छातीत डाग दिसला, डॉक्टर म्हणाले, चार वर्षांपूर्वीचा फोटो असेल तर बघू, डाग जुना असला तर हात लावायचा नाही. फोटो दुसऱ्या ढगात. त्यांच्या बायकोनं तीनदा फोन केला इथं — तीनदा. मी या दाराआड उभी, हातात विळी. थांबले नाहीत डॉक्टर, कसे थांबणार? छाती उघडली. डाग जुनाच निघाला. जिवंत आहेत, पण जिना चढवत नाही, जो माणूस जन्मभर जिने चढला त्याला. मुलगा त्या बाईंना फोनवर म्हणत होता, चूक माझी आहे, माझीच आहे. रडत होता. त्या दिवशी सांगायचं ना मी? तर आता सांगितलं तर तो विचारेल, आई, त्या दिवशी येत होते का तुला? — ही भीती. मग आणखी एक दिवस, आणखी एक. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे.

किती वाजले? … एवढे?

नाही, तुम्हाला नाही सांगायची मी. तुम्ही टाइप कराल आणि संपलं. त्याला पाठवा आत. फोन ठेव म्हणावं, कुणाचाही असू दे. कशाला म्हणाला तर काही बोलू नका, तुम्ही काही ऐकलेलं नाही. उठा. कागद राहू देत इथंच — आणि दार ओढून घ्या.