आता तुम्ही म्हणा

मावशी : ‘आता तुम्ही म्हणा.’ असं म्हणायची बघ ती रेडिओवरची बाई. आवाज कसा, तर साय धरलेल्या दुधासारखा. इंग्रजीतलं एक वाक्य म्हणायची, मग ‘आता तुम्ही म्हणा’, आणि गप्प. नुसती खरखर चालायची. त्या खरखरीत आपण आपलं वाक्य म्हणायचं.

भाची : आणि तू म्हणायचीस?

मावशी : कुठली गं! बाबा समोर भट्टीत लाकडं सारताहेत, माझे हात कोपरापर्यंत मैद्यात. तोंड उघडायची छाती होती कुणाची? मनात म्हणायचे. खरखर संपली की बाई म्हणायची, ‘शाब्बास!’ रोजच्या रोज. मी एकदाही बोलले नाही आणि तिनं एकदाही शाब्बासकी चुकवली नाही. अजून कानात आहे ती. न कमावलेली.

काका : फुकटची तरी मिळाली तुला. मला या घरात कमावूनही मिळाली नाही.

मावशी : तुम्ही मोबाइल सरळ धरा आधी. मघाशी माझं डोकंच कापलंत.

काका : डोकं असतं तरी काय फरक पडला असता? बोललीस का तू?

भाची : काका, तिला घाबरवू नका हो! मावशी, ऐक ना, माझी सोन्यासारखी मावशी. संध्याकाळच्या आत हा व्हिडिओ मला नोकरी देणाऱ्या त्या लांबच्या शाळेला पोचायला हवा. मुलाखत झाली, त्यांना मी आवडले, राहायची खोलीसुद्धा बघून ठेवलीय त्यांनी. खिडकीतून नदी दिसते म्हणे! फक्त हा एक छोटा इंग्रजीचा पाठ शिकवून दाखवायचा राहिलाय. विद्यार्थी खराखुरा नवशिका हवा, आणि त्यानं आपल्या मनानं बोलायला हवं. माझ्यामागून पोपटासारखं नको, स्वतःचं. बास, एवढंच.

मावशी : मग त्या समोरच्या शिंप्याला बसव की. बोलघेवडा आहे.

भाची : शिंपीकाका? ते बोटीवर नोकरी करून आलेत. इंग्रजीत शिव्या देतात ते! तिकडचे लोक पहिल्याच वाक्याला ओळखतील.

काका : आणि दुसऱ्या वाक्याला मोबाइल बंद करतील.

भाची : आणि मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, तुझा पहिला विद्यार्थी कोण? मी सांगून बसलेय, माझी मावशी. ती पाव भाजते, आणि मी तिला शिकवते.

मावशी : असं सांगितलंस? तिकडे? माझं?

भाची : मग! ‘आम्हाला त्यांनाच बघायचंय’ म्हणाल्या मुलाखत घेणाऱ्या बाई.

मावशी : अगं बाई. मग पदर तरी नीट घेते. मैदा लागलाय का गालाला?

काका : राहू दे. तेवढीच पावडर.

भाची : मावशी, मला अजून खरंच वाटत नाही. अगं, मी कुठं गेले होते शिकायला? कुठल्या मोठ्या शाळेत? इथंच शिकले ना, या टेबलावर, पावाच्या ट्रेच्या मध्ये मोबाइल उभा करून! आठवतं का, ती सावकाश बातम्या वाचणारी साइट?

काका : आठवतं म्हणजे? तो माणूस इतका सावकाश वाचायचा की लढाई संपून तह व्हायचा, तरी याची बातमी आपली ‘सैन्य निघाले’वरच.

भाची : पण त्यानंच कान तयार केला माझा! मग ती शब्द बोलून दाखवणारी डिक्शनरी. आपण म्हणायचं, मग ती म्हणणार, मग दोन्ही आवाज एकापाठोपाठ एक लावून ऐकायचे. आणि मग ते गप्पांचं ॲप. तो होडीवरचा म्हातारा आठवतो? त्यालाही इंग्रजीच शिकायचं होतं. त्याचं तोडकं, माझं मोडकं. तो मला मासे दाखवायचा आणि मी त्याला पाव.

मावशी : माझ्या पावाला टाळ्या वाजवल्या होत्या त्यानं. सगळी होडी हलली होती.

काका : इकडं मी इतकी वर्षं खातोय, तर मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे त्या दिवशी कळलं हिला. तेव्हापासून मला रोज तो म्हातारा ऐकवला जातो.

भाची : आणि शिकवायचं कसं, ते त्या शिक्षकांच्या ग्रुपवर! मावशी, तुला कल्पना नाही कसली माणसं आहेत तिथे. कुणी डोंगरातल्या शाळेतला, कुणी बेटावरची, कुणी रुग्णालयातल्या मुलांना शिकवणारी. खेळ, चित्रं, आख्खे पाठ तिथं टाकतात, घ्या म्हणतात, वापरा म्हणतात. ओळख ना पाळख! हे चेहऱ्यांचे पत्ते तिथूनच छापून आणलेत मी. हा हसरा, हा दमलेला, हा रडवेला, हा घाबरलेला.

काका : हा दमलेला माझ्यावरून काढलाय.

भाची : आणि थांबा, थांबा, उत्तर आलं वाटतं! आलं! मघाचे तीन व्हिडिओ मी त्या बेटावरच्या बाईंना पाठवले होते. फार मोठ्या शिक्षिका आहेत, आणि मला ‘मुली’ म्हणतात.

मावशी : वाच ना मग. श्वास घे आणि वाच.

भाची : ‘मुली, तुझी विद्यार्थिनी गप्प नाही. तू तिला गप्प ठेवतेस. प्रश्न विचारतेस आणि तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत उत्तरही तूच देतेस. व्हिडिओ आवाज बंद करून बघ. फक्त तिचा चेहरा बघ.’

काका : बघू, लाव. आवाज बंद कर. अरेच्चा! बघ की, ओठ हलताहेत हिचे. आणि ही आमची मास्तरीणबाई, धाडकन मध्ये. पुन्हा हलले, पुन्हा ही मध्ये. एखाद्याच्या ताटातला घास उचलावा तसं.

भाची : अय्या, खरंच की. मावशी, मी असं करते?

मावशी : नवीन काय त्यात? लहानपणापासून तेच. मळलेल्या गोळ्यावर मी ओलं कापड टाकायचे, म्हणायचे, आता हात मागे. आणि तू? गेलीस की आलीस, गेलीस की आलीस. कापड उचलून, ‘फुगलं का, फुगलं का?’ अगं, सारखं बघितलं की गोळा बसतो. आपलं काम मळण्यापर्यंत. पुढचं काम त्याचं त्याला करू द्यायचं असतं. अंधारात, कापडाखाली, सावकाश.

भाची : म्हणजे प्रश्न विचारला की...

मावशी : कापड टाकायचं.

भाची : आणि हात मागे!

काका : आणि तोंड बंद. हे या घरात कुणालाच जमलेलं नाही, पण प्रयत्न करून बघू.

भाची : मावशी! त्या बाई हेच म्हणताहेत, आणि तुझ्या रेडिओवरची बाईही हेच करायची! ती खरखर! ती काही उगाच गप्प बसत नव्हती, तुझ्यासाठी जागा सोडून बसायची. सापडलं, मला सापडलं! काका, चला, पुन्हा काढू या. या वेळी मी थांबणार. जीव गेला तरी थांबणार.

काका : जीव नको घालवूस, बॅटरी संपत आलीय, तेवढं बघ. आणि घाबरतेस कशाला? ही बोलेल. रोज तर बोलते.

भाची : रोज? कुणाशी?

मावशी : अहो!

काका : कुणाशी म्हणजे, भट्टीशी. दुपारी तू शिकवणीला गेलीस की ही कानात ती मोबाइलची बोंडं घालते. तुझीच एक साइट लावते, चित्रं दाखवून इंग्रजी बोलायला लावणारी. ट्रे आत सारताना ‘हॉट, हॉट’, बाहेर काढताना ‘थँक यू’. परवा मला म्हणाली, ‘युअर टी इज रेडी.’ मी मागं वळून बघितलं, कोण गिऱ्हाईक आलंय म्हणून.

भाची : मावशी? तुला येतं?

मावशी : येतं म्हणजे काय. चार शब्द, उलटेसुलटे.

भाची : चार शब्दच तर हवेत मला! येत असून तू तीनदा दगडासारखी बसलीस? माझी घाई होती, मान्य. पण तुझे ओठ हलून पुन्हा मिटायचे. आत्ताच बघितलं आपण. तू शब्द गिळत होतीस. का गं?

मावशी : भट्टी ऐकून कुणाला सांगत नाही, म्हणून तिच्याशी बोलते. मोबाइलचा काय भरवसा.

भाची : खरं सांग.

मावशी : बॅटरी संपतेय म्हणताहेत ना हे. चल, सुरू कर.

भाची : मावशी, तुला नको असेल तर नको. मी त्यांना कळवते, जमलं नाही म्हणून. तुझ्यावर जबरदस्ती करून मला नदी नकोय.

मावशी : उगाच काहीतरी बोलू नकोस. आई गेली तेव्हा एवढीशी होतीस, तेव्हासुद्धा असं रडवेलं तोंड केलं नव्हतंस. डोळे पूस. काय नियम आहे तुझ्या वर्गाचा?

भाची : आपल्या भाषेत बोलायचं नाही.

मावशी : मग बस समोर. अहो, धरा मोबाइल.

काका : धरला. डोकं आहे, पाय आहेत, मैदा आहे. लाल ठिपका लागला. बोल गं, मास्तरीणबाई.

भाची : हॅलो! वेलकम टू माय क्लास. हाऊ आर यू टुडे? टेक अ कार्ड, प्लीज.

(भाची दोन्ही हात पाठीमागे घेऊन थांबते. निवत आलेल्या भट्टीचा पत्रा मधूनच टक टक वाजतो.)

मावशी : आय ॲम... हॅपी.

काका : बोलली! बोलली की!

भाची : श्श! व्हाय आर यू हॅपी?

मावशी : यू... टीचर. गुड टीचर. स्मॉल गर्ल. नाऊ, टीचर.

भाची : व्हेरी... व्हेरी गुड. वन मोअर कार्ड, प्लीज.

मावशी : धिस.

भाची : धिस? हा घाबरलेला? सॉरी, सॉरी. टेल मी.

मावशी : आय ॲम अफ्रेड.

भाची : व्हाय?

काका : अगं, विचारलंस तर आता हात मागे घे. बघ तिच्याकडं, शोधतेय ती.

मावशी : आय नो स्पीक... यू स्टे. आय स्पीक... यू गो.

भाची : मावशी! म्हणजे तू मुद्दाम...

मावशी : क्लास! नियम तुझाच आहे ना? अहो, मोबाइल बंद करू नका.

काका : मी कुठं बंद करतोय. तू बोल.

मावशी : क्वेश्चन, टीचर. क्वेश्चन.

भाची : व्हॉट... व्हॉट डू यू वॉन्ट?

मावशी : आय वॉन्ट... यू गो.

भाची : शाब्बास, मावशी. शाब्बास गं. काका, बंद करा आता, झालं.

मावशी : थांब. माझं वाक्य संपलं नाही अजून. कापड उचलू नकोस.

भाची : नाही उचलत.

मावशी : यू गो. रिव्हर, बिग स्कूल, ऑल. गो. अँड... यू कम होम.