दारावरचे आजोबा

डेव्हन रस्त्याच्या बसमध्ये उर्वीच्या पुढच्या सीटवर दोन काकू बोलत होत्या.

"कांचन, निधीचं लग्न पुढे ढकललंस म्हणे?"

"नाही गं, ठरल्या दिवशीच आहे! तिच्या बल्गेरियन सासरचं दार व्हिडिओवर दिसलं, तर काळ्या चौकटीत नवऱ्यामुलाच्या आजोबांचा फोटो. म्हटलं, आलं सुतक! हॉल कॅन्सल करायला निघाले."

"मग?"

उर्वीचा स्टॉप आला, पण ती उठली नाही.

"आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झालीत! त्यांच्या गावात गेलेल्या माणसाच्या फोटोचा नवा कागद दरवर्षी दारावर चिकटवतात. तरुण सगळे शहरात. दारांवर माणसांपेक्षा फोटोच जास्त."

"आणि तू आंघोळ करून बसलीस?"

"डोक्यावरून!"

"पत्रिका पाठवलीस?"

"हो, कालच पोचली. विहीणबाईंनी आजोबांच्या शेजारीच लावली. म्हणाल्या, पहिलं आमंत्रण त्यांना."