चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

त्या दिवशी ऊन झकास पडलं होतं, पण वारा असा गार की मुलानं मला कानटोपी घालूनच बाहेर सोडलं. शेजारचा विनय त्याच्या गराजमध्ये बसला होता. मूळ नागपूरचा, इथं अमेरिकेत मॉरिसव्हिलला कॉम्प्युटरचं काम करतो आणि हरणाच्या शिकारीला जातो. रायफलच्या गोळ्या घरीच भरतो. उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, मापात आणायच्या आणि त्यांत पुन्हा दारू भरायची, असं ते काम.

पुंगळ्या काळ्या पडल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, पितळ ना हे? दे, चिंचेनं घासून देतो."

"काका, मशीन आहे माझ्याकडे."

"मशीनला चिंचेचं काय कळतंय?"

त्यानं हसून अख्खा डबाच दिला. दोन दिवस मी एकेक घासत बसलो. पन्नास पुंगळ्या, समईसारख्या लखलखीत.

विनयनं एक उचलून फिरवून पाहिली, मग दुसरी. "काका, काहींवर मार्करची काळी रेघ होती. कुठं गेली?"

"जातच नव्हती. बार्बेक्यूची राख लावली, तेव्हा गेली."

तो खुर्चीत टेकला. "रेघ होती त्या पुंगळ्या बुडाशी चिरत आलेल्या होत्या. पुन्हा उडवली, तर माझ्या डोळ्याजवळ फुटायची."

मी विचारलं, "आता ओळखू येणार नाहीत?"

"काही येतील. पण एखादी सुटली तर?"

त्यानं डबा उचलून माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, "बंदुकीत आता यातली एकही जाणार नाही. उदबत्त्या लावायला घ्या, काका. पन्नास देव आहेत ना घरात?"