दाखवायचं तिकीट

माजं नाव गयाबाई. वालूरच्या पलीकडं आमचं गाव, पायी गेलं तर घंटाभर, आन् माहेर सोनपेठकडलं, गोदेच्या काठचं. तुमी लिवून घ्यायलाव तर मी बोलते तसंच लिवा ताई, उगं गोडगोड करू नका, माजं तोंड पहिल्यापसून तिखट हाय, मालक बी म्हणायचे, हिला मेंढरं बी भेतात. जलम कवाचा म्हणाल तर आधारकार्डावर एक जानेवारी हाय, आमच्या अर्ध्या गावाचा जलम एक जानेवारीचाच हाय. लग्नात मला लुगडं नेसता येत नव्हतं, सासूनं नेसवलं, एवढं आठवतंय. मंग सगळं आयुष्य मेंढरामागं गेलं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन भाईर पडायचं, आज ह्याच्या रानात बसवायची, उद्या त्याच्या, बिऱ्हाड घोड्यावर आन् लेकरू पाठीवर. दोन लेकं वाचली, थोरला ज्ञानोबा, धाकटा बालाजी. मधी एक पोरगी झालती, ती चार वर्साची होऊन गेली. ती असती तर आज मी तुमाला हे सांगत बसले नसते.

मालक वारले तवा तेराव्याच्या दुसऱ्या दिशी लेकांनी वाटण्या केल्या. भावकीतली चार माणसं बसली. रान वाटलं, मेंढरं वाटली, परात इकडं गेली, हंडा तिकडं गेला, आन् समदं वाटून झालं तवा मी उरले. मी तितंच चुलीपाशी बसून त्यांना चा करायले व्हते. त्यातला एक म्हणला, माय पाळीनं ठिवा. पाडव्यापसून दसऱ्यापतुर थोरल्यानं सांभाळायची, दसऱ्यापसून पाडव्यापतुर धाकट्यानं. आन् ज्याची पाळी लागंल त्यानं मायला न्यायला यायचं, भाडं बी त्याचंच. आणून सोडायचं न्हाई कुणी, न्यायला यायचं, म्हंजी मायचा मान ऱ्हातो. मला कुणी इचारलं न्हाई. पण खोटं कामून बोलू, मला बी ते बरं वाटलं. आपल्याला कुणीतरी न्यायला यायलंय, त्यात काय वाईट हाय.

आन् कैक वर्सं नीट चाललं बी. बालाजी परभणीला फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम करायचा, दसऱ्याला सकाळच्या एस्टीनं यायचा, आपट्याचं पान माज्या हातात द्यायचा, पाया पडायचा आन् माजी पिशवी उचलायचा. पाडव्याला ज्ञानोबा तसाच परभणीला यायचा. एस्टीत चढताना लेक हात द्यायचा तवा मी हळूच इकडंतिकडं बघायची, कुणी बघायलंय का म्हणून.

मंग बालाजीला दुबईला काम लागलं, त्याच एसीचं, मोठाल्या इमारतीतलं. बायकोला, शीतलला, घेऊन गेला. दोन दसरे गेले, मला न्यायला कुणी आलं न्हाई. ज्ञानोबानं ठिवलं, ठिवलं न्हाई असं मी म्हणणार न्हाई, पण माज्या म्होरं ताट आलं की त्याला फोन सुचायचा. बाल्या, तुज्या दोन पाळ्या गेल्या, मी एकट्यानं किती वढू. असं माज्या देखत. आन् मी भाकर मोडायले. मंग बालाजीला लेक झाली, शीतलला नौकरीवर माघारी जायचं व्हतं, लेकरापाशी माणूस पाहिजे झालं, आन् लगीच बालाजीला पाळी आठवली.

पासपोर्टाला गेलो तर मिशीनवर माजी बोटं उठंनात. लोकर कातरून आन् ऊस तोडून बोटाच्या रेघा पुसल्यात, तितली पोरगी म्हणली आजी हात धुवून या, मी तीनदा धुवून आले, ती बेजार झाली आन् मी बी. मंग पोलीस आला गावात चौकशीला, ही बाई कशी हाय म्हणून. मथुराबाई, माजी शेजारीण, त्याला म्हणली, तोंडानं वाईट हाय, बाकी काय न्हाई. तिच्याच दावणीला मी माज्या दोन शेळ्या बांधल्या, एक गाभण व्हती, आन् सांगितलं, पाडव्याला येते.

बालाजीनं तिकीट धाडलं ते जायाचंच. येयाचं न्हाई. कुणाला त्यात काय वावगं वाटलं न्हाई, मला बी न्हाई वाटलं. त्याची पाळी, त्यानं न्यावं. पाडव्याला थोरल्याची पाळी, तवा त्यानं आणावं. आमच्या घरचा कायदाच तसा व्हता, त्यो त्या इमानवाल्यांना कसा ठाऊक असंल.

दसरा झाल्यावर सेलूहून रेल्वेनं हैदराबादला गेलो, ज्ञानोबा सोडायला आलता. इमानतळाच्या दारात शिपाई, ज्याचं तिकीट त्यालाच आत सोडायले, म्हणून ज्ञानोबा भाईर ऱ्हायला आन् मी एकलीच आत. मोबाईल गळ्यात अडकवलेला, पिशवीत डिंकाचे लाडू, कागदं छातीशी. खिडकीवरल्या पोरीनं कागदं बघितली आन् म्हणली, अम्मा, वापसी का टिकट दिखाव. आमच्या गल्लीत मुसलमानाची घरं हायेत, मला ती बोली येते, मी म्हणलं, वापसी का टिकट बडा बेटा पाडवे को निकालेगा. ती म्हणली, अब्बी होना अम्मा, वापसी का टिकट नै तो जाने नै देते. तिकडले लोक इचारतात म्हणं, आलेली बाई माघारी जाणार हाय हे कशावरून.

मी दारापाशी आले. मधी काच. पलीकडं ज्ञानोबा, त्याचं तोंड काचंतून दिसायलंय आन् आवाज फोनातून यायलाय. मी म्हणलं, बाबा, येयाचं तिकीट पाहिजे म्हणायलेत. तो म्हणला, माजी पाळी पाडव्यापसून हाय, मी आत्ता कामून काढू, बाल्याला सांग. मी बालाजीला लावला. बालाजी म्हणला, नेणं माज्याकडं हाय, आणणं दादाकडं हाय, पंचांनी काय ठरवलंय दादाला इचार. मी पुन्ना ज्ञानोबाला. पुन्ना बालाजीला. माज्या मागं रांग लागलेली, लोकांच्या चाकाच्या पेट्या, आन् मी त्या काचंपसून खिडकीपतुर आन् खिडकीपसून काचंपतुर फिरायले. त्या पोरीला दया आली, तिनं माज्या फोनावरून बालाजीला सांगितलं, दस मिनट में खिडकी बंद करती मैं.

आन् दहा मिन्टांत फोन वाजला, तिकीट आलं. पोरीनं बघितलं, मान हलवली. मी इचारलं, तारीख कोणती हाय माय. ती म्हणली, बीस दिसंबर. ताई, त्या येळेला माजं मन एवढं मोठं झालं, की बालाजीनं काढलं, पाळी नसताना काढलं, पंचाचं बी ऐकलं न्हाई, मायसाठी काढलं. दोन म्हैनेच कामून, पाडव्यापतुर कामून न्हाई, असं मनात आलं, पण म्हणलं व्हिसाच तेवढा असंल. काचंकडं बघितलं तर ज्ञानोबा गेलता. मी तितूनच मथुराबाईला फोन केला, म्हणलं पाडव्याची वाट बघू नको, वीस तारखेला निघते, बालाजीनं तिकीट काढलंय. तिनं दोनदा इचारलं, बालाजीनं का, आन् मी दोनदा सांगितलं.

दुबईचं काय सांगू. मी दुबई बघितलीच न्हाई. सोळाव्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकी उघडत न्हाई, खाली माणसं मुंग्यासारखी. पण लेकरू गोड व्हतं, नाव आर्या. तिला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, पायावर निजवायचं. मला पायावर झोपलेलं लेकरू मिळालं की बाकी काय लागत न्हाई. शीतल वाईट न्हाई, दमून यायची, आई जेवलाव का म्हणून इचारायची. बालाजीला आठवड्याला एक सुट्टी, त्या सुट्ट्यावर मी दिस मोजायची. आठ सुट्ट्या झाल्या की वीस तारीख आली. मला लेकराचा लळा लागलता, पण शेळी व्याली असंल, घरी वारं असंल, मोकळं बोलायला माणूस असंल, असं वाटायचं.

वीस तारखेला मी पहाटं उठले. न्हाले, चांगलं लुगडं नेसले, आर्याला पोटभर घेतलं. पिशवी भरून दारापाशी खुर्चीवर बसले. बालाजी डबा घेऊन कामावर गेला, काय बोलला न्हाई, मला वाटलं इमान संध्याकाळचं असंल, दुपारी येईल. दुपार झाली, आला न्हाई. मी आर्याला मांडीवर घेऊन तितंच बसले, जेवले न्हाई, म्हणलं मधीच हाक आली तर ताटावरून उठायला नको. दिवस मावळता तो आला आन् मला बघून म्हणला, आई, कुठं निघालीस.

मी म्हणलं, आज वीस तारीख हाय.

आधी त्याला उमगलंच न्हाई. मंग हसला. हसू आवरून म्हणला, आई, ते दाखवायचं तिकीट व्हतं, त्या पोरीला दाखवायपुरतं, तू इमानात बसलीस की मी लगीच रद्द केलं. सगळेच करतात असं.

दोन म्हैने मी त्या तारखेवर जगले ताई, शेजारणीला मिरवून सांगितलं. मंग इचारलं, माजं खरं तिकीट कवाचं. तो म्हणला, व्हिसा वाढवायला टाकलाय, पाडव्याला दादा काढंल की. मी म्हणलं, त्याला लाव, माज्या म्होरं लाव, आन् मोठ्यानं लाव. त्यानं लावला. ज्ञानोबाला ठाऊक नव्हतं मी ऐकायले. तो म्हणला, तिकडं हाय तर बरंच हाय की, तिला माघारी आणायची घाई कुणाला हाय.

बालाजीनं गडबडीनं फोन बंद केला. तवर मी ऐकलं व्हतं. शीतलनं बी ऐकलं, तिनं आर्याला माज्या मांडीवरून उचललं आन् आत गेली. मी खुर्चीवरून उठले, पिशवी पलंगाखाली सारली आन् भाकऱ्या थापायला बसले, कारण खायचं तर समद्यांनाच व्हतं.

दुसऱ्या दिशी कळलं की व्हिसा वाढत न्हाई, आन् मुदत संपल्यावर ऱ्हायलं तर रोजचा दंड. तवा मातर बालाजीनं घंटाभरात तिकीट काढलं, खरंखुरं. लेकाच्या मायेनं झालं न्हाई ते दंडाच्या भेवानं झालं. मला माज्या लेकांनी माघारी आणलं न्हाई, ताई, त्या मुलखाच्या कायद्यानं हाकललं म्हणून मी आले. निघताना बालाजी रडला, पाया पडला, आन् मी त्याच्या डोक्यावर हात ठिवला, कसा न्हाई ठिवायचा. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं न्हाई.

हैदराबादला न्यायला कुणी नव्हतं. नांदेडची एक बाई इमानात भेटली, तिनं रेल्वेत बसवलं. सेलूला उतरले, जीपनं वालूर, पुढं पायी. ज्ञानोबाच्या दारात गेले, सूनबाईनं पाणी दिलं, जेवू घातलं. हात धुतल्यावर ज्ञानोबा म्हणला, आई, मी काय जा म्हणत न्हाई, पण पाडव्यापतुर बाल्याचीच पाळी हाय, त्याचं त्यानं बघायला पाहिजे व्हतं. त्यानं जा म्हणलं न्हाई. मी निघाले. गावाच्या कडंला मालकाचं मेंढराचं वाडगं हाय, वर पत्रा, वाटणीत कुणी घेतलं न्हाई असं पडकं. तितं चूल मांडली. मथुराबाईनं शेळ्या आणून दिल्या, गाभणीला दोन पिल्लं झालती. तिनं वीस तारखेचं काय इचारलं न्हाई. शहाणी बाई हाय ती.

आता मी तितंच ऱ्हाते, तुमी बसलाव हेच वाडगं. शेळीचं दूध हाय, सरकारचं राशन हाय, मथुराबाई संध्याकाळी येऊन बसते. आर्या फोनात दिसते, आता चालायली. दोघा लेकांचं बरं होवो, त्यांच्या लेकरांनी त्यांना वाटून घेऊ नये, एवढंच देवाला म्हणते, आन् हे तोंडदेखलं म्हणत न्हाई.

मातर पाडव्याचं सांगायचं ऱ्हायलं. पाडव्याला सकाळी ज्ञानोबा मोटारसायकल घेऊन इतं आला. नेमानं आला, त्याची पाळी लागली ना. गाडी चालूच ठिवली आन् म्हणला, आई, चल. मी शेळीचं दूध काढायले व्हते. मी म्हणलं, न्हाई येत, जा तू. गाडी तशीच धडधडायली. तो उभा ऱ्हायला, इकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, मंग बरं म्हणला आन् गाडी वळवली. एकदाच म्हणला तो, ताई. दुसऱ्यांदा चल म्हणला असता, तर मी उठले असते.